दर चतुर्दशीला चुकणारा प्रोग्राम

मला राग लवकर येतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तो लवकर जातोही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण गेल्या श्रावणात आलेला एक राग अजून उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच असल्यामुळे तो कुणावर धड काढताही येत नाही. म्हणून लिहून काढते.

मी रोह्याजवळ वरसे गावात राहते. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि मी घरातल्या मागच्या खोलीत बसून नवी मुंबईतल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालवून बघायचे, ते कुठे आपटतात ते शोधायचं आणि लिहिणाऱ्याला स्वच्छ शब्दांत कळवायचं, हे माझं काम. बारा वर्षं हेच करते आहे. माझी भाकरी चालवून बघण्यावर आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याचीच लाज वाटणार आहे.

आमचा एक ग्रुप आहे. पेण आणि रोह्याकडचे तीसेक जण, सगळे कुठे ना कुठे कोड लिहिणारे. कुणी ऐरोलीच्या कंपनीसाठी घरून काम करतो, कुणी कॉलेजात शिकवतो, कुणी नुसताच हौशी. ग्रुप पेणच्या एकाने काढला, तोच अ‍ॅडमिन. माणूस हुशार. आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देण्याइतका हुशार. त्याने एक रीत पाडली होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो तीन-चार ओळींचं कोड टाकायचा आणि खाली लिहायचा, ‘न चालवता सांगा.’ म्हणजे हे कोड संगणकावर चालवायचं नाही, नुसतं वाचून काय उत्तर येईल ते सांगायचं. चालवून पाहिलं असा संशय आला तरी ‘चिटिंग, चिटिंग’ म्हणून सगळे तुटून पडत.

या कोड्यांत मजा होती, खोटं कशाला बोलू. प्रोग्रामिंगच्या भाषांच्या खोडी असतात. एका भाषेत महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी शून्य. एका ठिकाणी रिकामी यादी खरी ठरते आणि रिकामा शब्द खोटा. एकदा त्याने एक, नऊ आणि दहा हे आकडे क्रमाने लावायला दिले होते. त्या भाषेला तुम्ही स्पष्ट बजावलं नाही, तर ती आकड्यांना आकडे समजतच नाही, अक्षरं समजते. मग दहाच्या सुरुवातीला एक आहे आणि एक नऊच्या आधी येतो, म्हणून दहा नऊच्या आधी. हे उत्तर मी चार सेकंदांत दिलं होतं. अ‍ॅडमिनने मला मुकुट पाठवला. मी दिवसभर खुशीत होते, भाजी करपली तरी काही वाटलं नाही.

या ग्रुपात एक काका होते. पन्नाशी ओलांडलेले, वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरावर होते, हे स्वतः एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटच्या पॅनलवर पंचवीस वर्षं काढून घरी बसलेले. कोड शिकले ते मोबाइलवर, व्हिडिओ बघून. ग्रुपात फारसं बोलत नसत. कोड्याचं उत्तर आलं की तास-दोन तासांनी ‘समजला’ एवढं लिहायचे. आम्हाला वाटायचं, काका जरा हळू आहेत. ते ती गोष्ट वहीत लिहून, पुन्हा करून बघून मगच ‘समजला’ म्हणत होते, हे मला नंतर कळलं.

श्रावणातल्या एका दुपारी काकांनी ग्रुपात प्रश्न टाकला. तो मी अजून जपून ठेवला आहे. त्यांच्या गावाच्या शेतांना खाडीच्या बाजूने बांध आहे आणि बांधात पाणी सोडायला एक दार आहे, त्याला ते लोक उघाडी म्हणतात. भरती येण्याआधी उघाडीत फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. आपोआप मिटणारी झडप होती, ती मोडली. म्हणून चार घरांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या आणि ज्याची पाळी त्याला वेळेवर निरोप जावा म्हणून काकांनी प्रोग्राम लिहिला होता. त्यात दोन वेळा होत्या, फळ्या टाकण्या-काढण्याची आणि पाणी चढण्या-उतरण्याची. भरतीला फळ्या आधी, ओहोटीला पाणी आधी, म्हणून प्रोग्राम दोन्ही वेळा क्रमाने लावायचा, जी आधीची असेल ती उचलायचा आणि त्या वेळेला पाळीवाल्याचा फोन वाजवायचा. पूर्वी लोक तिथी धरून बोटांच्या पेरांवर भरती मोजत. फोन वाजायला लागला तसं मोजणं बंद झालं.

काकांचा प्रश्न असा होता: ‘बाकी सर्व दिवस बरोबर वाजतो. फक्त चतुर्दशीला एक तास उशिरा वाजतो. मागच्या दोन पंधरवड्यांत दोन्ही वेळा चतुर्दशीच. मी स्वतः बांधावर होतो म्हणून निभावला. परवा परत चतुर्दशी हाय. कारण काय असेल?’

आता माझा धंदा ऐकलात ना? मग हे वाक्य पुन्हा वाचा. केव्हा चुकतो, केव्हा चुकत नाही, किती वेळाने चुकतो, किती वेळा पाहिलं, आणि दुरुस्त नाही झालं तर वेळ किती उरला आहे. माझ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी बारा वर्षांत मला एवढी नेमकी तक्रार एकदाही लिहून दिलेली नाही. मी त्यांच्या मागे लागून लागून एकेक गोष्ट काढून घेते. काकांनी सगळं ताटात वाढून दिलं होतं.

आणि आम्ही काय केलं? आम्ही हसलो.

पहिला म्हणाला, काका, भटजींना दाखवा. दुसरा म्हणाला, प्रोग्रामला उपास धरायला सांगा. तिसऱ्याने पंचांगाचा फोटो टाकून लिहिलं की संगणक आता सनातनी झाला. काकांनी लिहिलं, ‘मस्करी नाय, खरंच विचारतोय.’ मग अ‍ॅडमिनने कोड मागितलं. काकांनी स्क्रीनचा फोटो टाकला, अकरा ओळींचा. त्यात त्यांनी सगळी नावं आपल्या बोलीतली ठेवली होती, ‘फळी’, ‘भरती’, ‘पाळी’. त्यावरून अजून एक फेरी झाली. मग कुणीतरी म्हणालं की ही भाषाच भिकार, दुसरीत लिहायला हवं होतं, आणि झालं. कुठली भाषा चांगली यावर दोन तास रण पेटलं. तीसेक माणसं, त्यातली निम्मी तरी बोलत होती, आणि एकानेही त्या अकरा ओळी चालवून पाहिल्या नाहीत. आमची सवयच ती. कोड आलं की वाचायचं, टाळी मिळेल असं काहीतरी बोलायचं, पुढे जायचं.

शेवटी अ‍ॅडमिनने निकाल दिला. न चालवताच. म्हणाला, कोड वाचलं, ठीक आहे, फोनचं घड्याळ पुढेमागे होतंय. सेटिंगमध्ये जाऊन वेळ ऑटोमॅटिक करा, प्रश्न मिटला. मी त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला. कशाच्या जोरावर? कशाच्याच नाही. तो म्हणतो म्हणजे असेल.

आणि त्याआधी, हसण्याच्या भरात, मीही एक विनोद केला होता. त्याला सगळ्यांत जास्त हसणारी तोंडं मिळाली होती. तो काय होता ते पुढे येईलच, मला टाळता येणार नाही.

काकांनी ‘बरं, तसं करतो. धन्यवाद’ असं लिहिलं.

चतुर्दशीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी चहा घेत फोन चाळत होते. ग्रुपात एकच नवी ओळ होती. काका ग्रुप सोडून गेले होते. अ‍ॅडमिनने खाली लिहिलं होतं, ‘एक विकेट पडली.’

चहा तसाच ठेवून मी तो फोटो मोठा केला आणि अकरा ओळी जशाच्या तशा टाइप केल्या. आदल्या दिवसाच्या वेळा घातल्या, बरोबर. त्या दिवसाच्या घातल्या. फळ्यांची वेळ सव्वानऊ, भरतीची सव्वादहा. प्रोग्रामने सव्वादहा आधी लावले. एकाने सुरू होणारा दहा, नऊच्या आधी. तीच ती खोड, जिच्यासाठी मला मुकुट मिळाला होता. भरती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे एक वेळ नवाच्या तासात आणि दुसरी दहाच्या तासात असं पंधरवड्यातून एखाद्याच दिवशी येतं, आणि तो दिवस चतुर्दशीच्या आसपास पडतो. उद्या पौर्णिमा, उधाणाची भरती, पाणी सगळ्यांत चढं येण्याचे दिवस. नेमका तेव्हा तो फोन तासभर उशिरा वाजत होता.

मला हे शोधायला चार मिनिटं लागली. दुरुस्तीला एक शब्द पुरला.

काकांचा नंबर लावला. ते पनवेलला होते. बायकोच्या डोळ्याची तपासणी होती आणि घड्याळाचं सेटिंग बदललेलं होतं, म्हणून ते निर्धास्तपणे गेले होते. मी घाईघाईने सांगायला लागले, तर त्यांनी शांतपणे थांबवलं. म्हणाले, ‘आलं ना पाणी आत. मघाशीच फोन आला घरून.’ पाळी त्यांच्या धाकट्या भावजयीची होती. धाकटा भाऊ पाच वर्षांमागे वारला, तेव्हापासून ती एकटी शेती करते, आणि उघाडीच्या तोंडाशी पहिलं शेत तिचंच. चार दिवस पाऊस नव्हता, पण आधीचं पाणी उतरत होतं म्हणून फळ्या काढलेल्या. फोन वाजला तेव्हा ती धावली, पण भरलेल्या पाण्यात एका बाईला काय, चार गड्यांनाही फळ्या खाली बसवता येत नाहीत. मी विचारलं, ग्रुपातल्या सल्ल्यामुळे झालं हे तुम्ही घरी सांगितलंत का? म्हणाले, ‘त्यात काय सांगायचा? प्रोग्राम माझा, चूक माझी. मला नीट विचारता आला नसेल.’

नीट विचारता आला नसेल! फोन ठेवल्यावर मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने शिवी दिली. कुणाला ते मलाही माहीत नव्हतं.

मग मी ग्रुपात सगळं लिहिलं. काय झालं, कुणाचं शेत, चूक कुठे होती, आपण सगळ्यांनी ती कशी बघितलीच नाही. माझ्यासकट सगळ्यांना धुतलं. मला वाटलं, निदान पाच मिनिटं शांतता पसरेल. पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं, ‘ओह, क्लासिक!’ दुसऱ्याने अजून कुठल्या भाषेत हीच खोड आहे त्याची माहिती दिली. अ‍ॅडमिनने त्या अकरांतल्या चार ओळी कापून संध्याकाळी पाचला ग्रुपात टाकल्या. खाली नेहमीचंच, ‘न चालवता सांगा.’ सतरा जणांनी उत्तर दिलं. सतराच्या सतरा बरोबर.

मी लिहिलं की लाज वाटू द्या. त्याने समजावणीच्या सुरात लिहिलं, ‘इमोशनल होऊ नका मॅडम. चूक भाषेची आहे, आपली नाही.’

भाषेची! भाषेने कधी म्हटलं होतं का, मी आकडे ओळखते म्हणून? ती आहे तशी आहे, वर्षानुवर्षं. तिच्या खोडी आम्हाला पाठ होत्या. त्यावर आम्ही रोज संध्याकाळी टाळ्या घेत होतो. खाडीकाठचा एक माणूस तीच खोड घेऊन दारात आला, तेव्हा ती ओळखू आली नाही, कारण ती कोडं म्हणून आली नव्हती. ती चतुर्दशी, फळी, भरती असे शब्द घेऊन आली होती, आणि त्या शब्दांत हुशारी असू शकते हे आमच्या गावीही नव्हतं. आणि आम्ही कोण? कुणी न्यूयॉर्कचे नाही. पेण-रोह्याचेच. माझी स्वतःची आजी भरती बोटांवर मोजायची.

रविवारी मी निघाले. नवऱ्याने विचारलं, जाऊन काय करणार आहेस? एसटीने वडखळला उतरले आणि नाक्यावरून सहा आसनी रिक्षा धरली. काका रस्त्यावर न्यायला आले होते. त्यांच्या फोनवर मी तो एक शब्द घालून दिला, त्यांनी वहीत लिहून घेतला, दोनदा चालवून बघितलं आणि म्हणाले, ‘समजला.’ मग आम्ही बांधावर गेलो.

बाकीची शेतं हिरवी होती. पहिल्या शेताची पानं टोकांपासून तांबडी पडत चालली होती आणि कडेला, जिथे पाणी आटलं होतं, तिथे मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता. पाऊस अजूनही आला नव्हता. काका म्हणाले, आता जोराचा पाऊस पडून मीठ धुतलं तर थोडंफार हाती लागेल, पण पुढच्या वर्षीही त्रास होईलच.

त्यांची भावजय शेतातच होती. पाणी बाहेर काढायला पाट खणत होती. आम्हाला बघून वर आली, पण काकांशी बोलली नाही. त्या दिवसापासून बोलत नव्हती, हे काकांनी मला वाटेत सांगितलं होतं. मी कोण ते सांगितलं. मग म्हटलं की चूक यांची नाही, यांनी दोन दिवस आधी आम्हाला विचारलं होतं, आणि कारण आम्हाला माहीत असायला हवं होतं. खरं तर माहीतच होतं.

तिने फावडं बाजूला ठेवलं. ‘यांनी इचारला व्हता?’

‘हो.’

‘मंग तुमी काय सांगितलात?’

मी म्हटलं, आम्ही हसलो. काका म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, काय म्हणून हसलात? मी चाचरत म्हटलं की असंच, ग्रुपात मस्करी चालते. ती म्हणाली, ‘फोन हाय ना तुज्याकडं? त्यात असेल लिवलेला. वाच गो. मी फोन वाजला नाय म्हणून भात शिजवत बसले व्हते. त्या येळेला हिकडं माजा भात जात व्हता. कशाला हसलात ते कळू दे मला.’

वाचण्यावाचून मार्ग नव्हता. मी बांधावर उभी राहून वाचायला लागले. काकांचा प्रश्न वाचला, शेवटच्या चतुर्दशीसकट. मग भटजी. मग उपास. मग पंचांगाचा फोटो काय होता ते सांगितलं. घरी खोलीत बसून वाचताना ज्या ओळींना हसू आलं होतं, त्या तिथे एकेक करून मोठ्याने वाचाव्या लागत होत्या. काका खाडीकडे तोंड करून उभे राहिले. ती मात्र नीट ऐकत होती, शाळेत धडा ऐकावा तशी.

मग पुढचा निरोप आला आणि मी थांबले.

‘वाच की.’

मी वाचलं. ‘मी रोज दहा तास चुका शोधते, पण तिथी बघून येणारी चूक पहिल्यांदाच पाहिली. हिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवा.’

तिच्या हाताला चिखल होता, तो तिने पदराला पुसला. मग विचारलं, ‘ह्यो कुनाचा?’

‘माझा,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली, ऐकलं एवढ्यापुरती. त्याच्यापुढे काय आहे ते विचारलं. पुढे काकांची ओळ होती, ती मी वाचली. ‘मस्करी नाय, खरंच विचारतोय.’ त्यानंतर तिने मला अजून काही वाचायला लावलं नाही. फावडं उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठमोऱ्या काकांना म्हणाली, ‘भावजी, चाय ठेवते. चला घरी.’

काका वळले. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या मागोमाग बांधावरून चालायला लागले. मला कुणी चला म्हटलं नाही, आणि मीही गेले नाही.